बंदुकीतून गोळी सुटतच नव्हती



गेल्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका माध्यमिक शाळेने मला व्याख्यानाला बोलावले होते. व्याख्यान यथातथाच झाले. पण ते संपल्यावर नववीतल्या चार-पाच मुलामुलींनी मला जवळजवळ ओढतच संगणक कक्षात नेले आणि त्यांनी स्वतः तयार केलेला एक खेळ दाखवला. पडद्यावर वरच्या बाजूला एक त्रिकोणी यान, खाली चंद्राची खडबडीत जमीन. काहीच केले नाही तर यान वाढत्या वेगाने खाली येऊन आपटते. बाणाची कळ दाबली की यानाखालून ज्वाळा निघते आणि वेग कमी होतो. पण इंधन मोजकेच. चंद्रावरील गुरुत्वीय त्वरण दर सेकंदास दर सेकंदाला १.६२ मीटर असते, हे त्यांनी पुस्तकात पाहून खेळात घातले होते. त्यांतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, इंधन जळत जाईल तसे यान हलके होत जाणार. ते आम्ही धरलेलेच नाही. चालेल का?"

महाविद्यालयात शिकवताना असा प्रश्न माझ्या वाट्याला वर्षातून एकदाही येईलच असे नाही.

दोन महिन्यांनी त्यांच्या बाईंचा फोन आला. 'शाळेत मुलांना गेम खेळायला शिकवतात' अशी एका पालकांनी तक्रार केली होती आणि वरून सूचना आल्यामुळे सर्व संगणकांवरून तो खेळ पुसून टाकावा लागला होता. मुलांनी दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. बाई म्हणाल्या, "एक प्रत काढून ठेवायचे मलाच सुचायला हवे होते, सर." मला त्या पालकांचा राग आला नाही. त्यांच्या घरी हातातला मोबाइल सोडायला तयार नसलेले एखादे मूल असेल, तर 'गेम' हा शब्द ऐकताच त्यांच्या कपाळाला आठी पडणे अगदी स्वाभाविक आहे. पण पुसला गेला तो भलताच खेळ! म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. १९६९ च्या जुलै महिन्यात माणूस चंद्रावर उतरला, हे तुम्हांला माहीतच आहे. त्याच वर्षीच्या अखेरीस अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन गावच्या हायस्कुलात शिकणाऱ्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने शाळेला वापरायला मिळालेल्या पीडीपी-८ संगणकासाठी चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्र असे काही नव्हतेच. टंकयंत्रासारख्या एका यंत्रावर कागदावर आकडे छापले जात : उंची १२० मैल, वेग ताशी ३६०० मैल, इंधन १६ हजार पौंड. पुढच्या दहा सेकंदांत किती इंधन जाळायचे तो आकडा खेळणाऱ्याने टंकायचा. लगेच नवी उंची, नवा वेग आणि उरलेले इंधन छापून येई. आणि इंधन जळल्याने यान हलके होते, हे स्टोररने हिशेबात धरलेले होते! हाच स्टोरर पुढे संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला. माहिती थोड्या जागेत दाबून बसवण्याची एक प्रसिद्ध पद्धत त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते.

गंमत अशी की, २०२४ मध्ये मार्टिन मार्टिन नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने ही जुनी आज्ञावली ओळ न् ओळ तपासली, तेव्हा एका सूत्रात दोनने भागायचे राहून गेले असल्याचे त्याला आढळले. पंचावन्न वर्षे असंख्य लोकांनी तो खेळ खेळला, त्याच्या नकला केल्या. चूक तशीच राहिली. आपल्या त्या नववीतल्या मुलांचाही खेळ कोणी तरी पुढे असाच तपासला असता.

पडद्यावरच्या खेळांचा जन्मच मुळी प्रयोगशाळेतला आहे. ब्रुकहेवन ही अमेरिकेतली अणुसंशोधनाची एक मोठी प्रयोगशाळा. तेथे वर्षातून एकदा सामान्य लोकांना आत येऊन पाहण्याची मुभा असे. लोक येत, काचेमागची उपकरणे बघत आणि जांभया देत निघून जात. विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाला हे खटकले. त्याच्याकडे एक लहान संगणक होता. आजच्यासारखा अंकांवर चालणारा नव्हे, तर विद्युत्‌दाबाच्या चढउतारांनी गणित सोडवणारा. त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत क्षेपणास्त्राचा आणि उसळणाऱ्या चेंडूचा मार्ग कसा काढावा याची उदाहरणे दिलेली होती. हिगिनबॉथमने तो संगणक एका दोलनदर्शकाला जोडला आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये पाच इंची पडद्यावर दोघांनी खेळायचा टेनिस उभा केला. बाजूने पाहिल्यासारखे मैदान, मधे जाळी, आणि वर जाऊन खाली येणारा प्रकाशाचा ठिपका. तो ठिपका पाहायला रांगा लागल्या. पुढच्या वर्षी त्याने त्यात भर घातली : हाच चेंडू चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर कसा उडेल तेही दिसू लागले. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पावर इलेक्ट्रॉनिक्सचे काम करीत होता आणि युद्धानंतर अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध आयुष्यभर झटला. टेनिसच्या खेळाचे त्याला स्वतःला फारसे अप्रूप नव्हते.

आता माझ्याविषयी थोडेसे. आमचे गाव तालुक्याचे. १९९१-९२ च्या सुमारास एस.टी. स्टँडच्या मागे एका गाळ्यात व्हिडिओ गेमची दोन यंत्रे आली. एक रुपयाला एक डाव. मी तेव्हा पाचवीत होतो. माझ्याकडे रुपया क्वचितच असे, त्यामुळे मी बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघण्यातच घालवला. आणि खरे सांगू का, बघण्यातच जास्त शिकायला मिळाले. खेळणारा घाईत असतो. बघणाऱ्याला विचार करायला सवड असते. तिथे 'स्पेस इन्व्हेडर्स'सारखा एक खेळ होता. वरून परग्रहवासीयांच्या रांगा उतरत येतात आणि आपण खालून तोफ चालवायची. सुरुवातीला त्या रांगा अगदी संथ सरकत. पण जसजसे शत्रू कमी होत, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा तर वेड लागल्यासारखा पळत सुटे. आम्ही म्हणायचो, त्याचे भाऊबंद मेले म्हणून तो चिडलाय.

खरे कारण मला फार उशिरा, एम.एस्सी. झाल्यावर कळले. मूळ खेळ जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तयार केला. त्यात अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ शत्रू होते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नवे रेखले जाई आणि यंत्राची ताकद बेताची असल्याने एका वेळी एकच शत्रू पुढे सरकवला जाई. म्हणजे सर्वांची एकेक पायरी पूर्ण व्हायला जवळजवळ एक सेकंद. शत्रू निम्मे झाले की अर्धा सेकंद. एकच उरला की तो प्रत्येक चित्रागणिक पुढे! हा राग नव्हता, भागाकार होता. यंत्राचा हा दुबळेपणा निशिकादोंच्या ध्यानात आला आणि त्यांनी तो मुद्दाम तसाच ठेवला, कारण त्यानेच खेळाला रंगत येत होती.

त्या गाळ्यात मी एकही मुलगी कधी पाहिली नाही. माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि गणितात माझ्याहून कितीतरी हुशार. पण तिने तिथे जायचे, ही कल्पनाही कोणाला शिवली नसती. तिला खेळ मिळाला तो मामांनी मुंबईहून टीव्ही गेम आणला तेव्हा. हे यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या यंत्राची स्वस्त नक्कल होती. त्याच्या डोक्यावर कॅसेट खोचायची, तार टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची आणि बटण फिरवून चॅनेल जुळवायचे. वीज गेली नाही तर खेळ सुरू होई.

सुरू होईच असेही नाही. कॅसेट घातली की बऱ्याचदा नुसता करडा पडदा लागे. मग कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. देशोदेशींची मुले हेच करीत होती, हे पुढे कळले. कोणी कोणाला शिकवले कुणास ठाऊक! ताईला मात्र फुंकरीचा संशय आला. ती म्हणाली, "फुंकर मारताना आपण कॅसेट काढतो आणि परत घालतोसुद्धा. मग नक्की कशाने चालते?" मे महिन्याच्या सुट्टीत तिने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. एकात फुंकर मारून घातलेली कॅसेट, दुसऱ्यात न फुंकता नुसती काढून घातलेली. सुट्टी संपेपर्यंत रेघा ओढल्या. दोन्ही रकान्यांत फारसा फरक पडला नाही. कॅसेटच्या तोंडाशी धातूच्या पट्ट्या असतात. त्या यंत्रातल्या पट्ट्यांना नीट टेकल्या नाहीत तर विद्युत्‌मंडल पूर्ण होत नाही. काढून घातल्याने त्या सरकून नीट बसतात. फुंकरीने मात्र तोंडातली वाफ त्यांच्यावर जाऊन कालांतराने गंजच चढतो. 'एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा' हे प्रयोगाचे पहिले सूत्र मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. ताईने शिकवले.

त्या यंत्राबरोबर एक प्लास्टिकची बंदूकही आली होती. पडद्यावर बदके उडत आणि ती टिपायची. बंदूक टीव्हीवर रोखून चाप ओढला की बदक पडे. आम्हां सर्वांची खात्री होती की बंदुकीतून डोळ्यांना न दिसणारा एखादा किरण निघतो आणि टीव्हीच्या काचेला जाऊन लागतो. शेजारच्या आजी तर मुलांना बंदुकीसमोर उभे राहू देत नसत.

प्रत्यक्षात सगळे उलटे होते. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नव्हते. तिच्या नळीच्या आत एक भिंग आणि प्रकाश ओळखणारा एक लहानसा घटक होता. चाप ओढताच खेळ संपूर्ण पडदा क्षणभर काळा करी. पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे. बाकी सारे काळेच. बंदुकीला त्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला, अंधार दिसला तर चुकला. दोन बदके असतील तर आधी एकाचा चौकोन आणि मग दुसऱ्याचा. उजेड कोणत्या चित्राला दिसला त्यावरून कोणते बदक पडले ते ठरे. हे सारे सेकंदाच्या काही साठाव्या भागांत उरके, त्यामुळे आपल्याला नुसती एक लुकलुक जाणवे. आम्ही लबाडी म्हणून बंदूक खोलीतल्या बल्बकडे रोखून पाहिली, पण जमले नाही. का जमले नाही ते आता तुम्हीच सांगू शकाल : पडदा काळा असतानाही बंदुकीला उजेड दिसत राहिला, तर तो उजेड बदकाचा नव्हे हे उघडच आहे. शिवाय मूळ बंदुकीत आणखी एक खुबी होती. जुन्या टीव्हीचे चित्र इलेक्ट्रॉनांच्या झोताने सेकंदाला सुमारे १५ हजार ओळी ओढून रेखले जाई. तेवढ्याच वेगाने लुकलुकणारा प्रकाश ती बंदूक मान्य करी. बल्ब तर आपल्याकडे सेकंदाला १०० वेळाच लुकलुकतो. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही ती यामुळेच. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत नाही आणि चित्र पडद्यावर यायलाही किंचित उशीर होतो.

इथे थोडे विषयांतर करतो. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात, ते वस्तूला जाऊन लागतात आणि म्हणून वस्तू दिसते, असे प्राचीन काळी अनेक मोठमोठे विचारवंत मानत. ग्रीकांमध्ये युक्लिड होता. आपल्याकडे न्यायदर्शनाचेही मत त्याच धर्तीचे होते. प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो, हे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम याने सविस्तर मांडले. म्हणजे आमची ती टोळी युक्लिडच्या पंक्तीला बसून बदके मारत होती. आजही प्रकाशाचा धडा शिकवताना मी त्या बंदुकीपासूनच सुरुवात करतो. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे जागे होतात.

पण मला सर्वांत जास्त कामी आला तो मारिओ. शिगेरू मियामोतो यांचा १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' तुमच्यापैकी अनेकांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिला असेलच. तो संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. तुमच्या मोबाइलमधले एकच छायाचित्र त्याच्या कितीतरी पट जागा घेते. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच चित्र वापरले आहे, फक्त रंग वेगळा. हे पहिल्यांदा ध्यानात येते तेव्हा फार आनंद होतो.

आता मारिओची उडी मोजू. पडद्यावरचे सगळे जग सारख्या आकाराच्या ठोकळ्यांचे आहे, म्हणजे आलेख-कागद आयताच तयार आहे. मोठा झालेला मारिओ दोन ठोकळ्यांइतका उंच असतो. तो तुमच्यासारखाच दीड मीटर उंच आहे असे समजा. म्हणजे एक ठोकळा पाऊण मीटरचा. जागच्या जागी, कळ शेवटपर्यंत दाबून धरली की मारिओ चार ठोकळे, म्हणजे तीन मीटर उडतो. वर चढायला त्याला सुमारे ३२ चित्रे लागतात. सेकंदाला ६० चित्रे धरली तर ०.५३ सेकंद. अंतर बरोबर अर्धे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. करा बरे गणित. त्वरण दर सेकंदास दर सेकंदाला सुमारे २१ मीटर निघते. पृथ्वीवरच्या दुपटीहून अधिक!

खरी मजा खाली उतरताना आहे. तेच तीन मीटर उतरायला मारिओला साधारण एकतृतीयांश सेकंदच पुरतो. वर फेकलेला चेंडू चढायला जितका वेळ घेतो तितकाच उतरायला घेतो, असे मी वर्गात घसा ताणून सांगतो. आणि इथे तर चढायला जास्त, उतरायला कमी! म्हणजे मारिओच्या जगात गुरुत्वाकर्षण दोन प्रकारचे आहे. कळ दाबून वर जाताना मवाळ, आणि कळ सोडली किंवा उडी शिखरावर पोहोचली की एकदम कडक. उतरतानाची पहिली काही चित्रेच मोजली तर त्वरण ७० च्याही वर जाते. त्यानंतर वेग वाढायचाच थांबतो, पावसाच्या थेंबाचा अंतिम वेग ठरलेला असतो तसा. मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पदार्थविज्ञान कळत नव्हते काय? तसे मुळीच नाही. पृथ्वीचे त्वरण ठेवून तीन मीटर उडी मारली, तर चढून उतरायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ मारिओ हवेत तरंगत राहिला असता आणि आपण कंटाळलो असतो. त्यांनी निसर्गाचा नियम जाणून बुजून मोडला. पण एकदा मोडल्यावर जो नवा नियम केला, तो मात्र खेळभर काटेकोर पाळला. म्हणूनच तो मोजता येतो.

माझे म्हणणे नेमके इथेच आहे. हे जुने खेळ लहान आहेत. त्यांचे जग पंधरा वर्षांच्या मुलाला पूर्ण, अगदी तळापर्यंत समजू शकते. त्यात एक नियम लपवलेला असतो आणि तो निरीक्षणाने शोधून काढता येतो. निसर्गाच्या बाबतीत आपण हेच करतो. फरक इतकाच की निसर्गाचा तळ अजून कोणाला लागलेला नाही. विज्ञान शिकणाऱ्याला आयुष्यात एकदा तरी तळाला पाय टेकल्याचा अनुभव हवा, नाहीतर धीर सुटतो.

१९९५ च्या सुमारास जत्रेत आणि एस.टी. स्टँडवर हातात मावणारे 'ब्रिक गेम' विकायला आले. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असे : ९९९९ खेळ! ताईने दोन दिवसांत ते सगळे मोजून काढले. मूळ खेळ मोजकेच. वेग आणि सुरुवातीची पातळी बदलून तोच खेळ नव्या क्रमांकाने पुढे येई. जाहिरातीतला आकडा कसा वाचावा याचा तो उत्तम धडा होता. त्या यंत्रातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाझितनोव यांनी तो १९८४ मध्ये रचला. त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून पहिले ठोकळे कंसांच्या चिन्हांनी रेखलेले होते. चार चौकोन जोडून होणारे सात ठोकळे वरून पडतात. ते रचून आडव्या ओळी भरायच्या.

ताईला त्या सात ठोकळ्यांनी झपाटले. तिने पुठ्ठ्याचे सातही आकार कापले. सात गुणिले चार म्हणजे २८ चौकोन. तर त्यांचा चार गुणिले सातचा आयत झालाच पाहिजे, असे तिचे म्हणणे. महिनाभर ती रात्री जेवणे झाल्यावर पाटावर ते ठोकळे मांडून बसे. आयत काही होईना. दर वेळी एकच चौकोन बाहेर राही. शेवटी दहावीनंतरच्या धावपळीत ठोकळे कुठे तरी गेले, आणि तिची समजूत कायम राहिली की आपल्याला जमले नाही.

मी पुढे बी.एस्सी.ला असताना एका पुस्तकात त्याचे उत्तर वाचले. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे चौकोनांना एकाआड एक काळा-पांढरा रंग द्या. सातपैकी सहा ठोकळे कुठेही, कसेही ठेवले तरी दोन काळे आणि दोन पांढरे चौकोन झाकतात. इंग्रजी 'टी' अक्षरासारखा ठोकळा मात्र तीन एका रंगाचे आणि एक दुसऱ्या रंगाचा झाकतो. म्हणजे सातही ठोकळे मिळून पंधरा आणि तेरा होतात. आणि आयतात तर चौदा-चौदा! तो आयत होणे शक्यच नाही. मी ताईला पत्र लिहून कळवले. तिचे तेव्हा लग्न झालेले होते, गणित कधीच सुटलेले होते. तिचे उत्तर दोन ओळींचे होते : "म्हणजे माझे चुकत नव्हते. हे कोणी तरी तेव्हाच सांगायला हवे होते रे."

या वाक्याने मला आजवर सोडलेले नाही. आमच्या घरातला खरा वैज्ञानिक कोण होता, हे मी तेव्हा ओळखायला हवे होते. तिच्या हाती खेळ होता, प्रश्न होता, चिकाटी होती. प्रश्नाकडे 'प्रश्न' म्हणून पाहणारा एकही मोठा माणूस आजूबाजूला नव्हता. सर्वांना एवढेच दिसत होते की, मुलगी खेळत बसली आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी तुमची फसवणूक केली असे होईल. त्या गाळ्यापायी मी अण्णांच्या खिशातून दोनदा पैसे उचलले. सातवीच्या सहामाहीत इतिहासात नापास झालो. हे सारे त्या लहानशा, साध्यासुध्या खेळांपायी झाले. आज तुमच्या हातात आहेत ते बहुतेक खेळ तर फुकट मिळतात आणि तिथेच मेख आहे. ज्याची किंमत आधी घेतलेली नाही, त्याला ती नंतर हळूहळू वसूल करायची असते. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, मुद्दाम लावलेली प्रतीक्षा, ती टाळण्यासाठी पैसे, आणि शेवट कधीच नाही! मारिओला शेवट होता. राजकन्या सुटली की यंत्र बंद करून जेवायला जाता येत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला जागा दिली ती उगीच नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. माझ्या मते तो याआधीच व्हायला हवा होता. पण पत्त्यांवर जुगार चालतो म्हणून कोणी संभाव्यतेचे गणित अभ्यासक्रमातून काढून टाकत नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. वर्षातला एक तास द्या. गतीची समीकरणे शिकवून झाली की एखादा जुना खेळ पडद्यावर लावा आणि मुलांच्या हाती पट्टी द्या. ज्या मुलांना जमेल त्यांना स्वतःचा खेळ करू द्या. यान उतरवायला फार मोठी आज्ञावली लागत नाही. मुलींच्या हाती आधी द्या, कारण मुलगे धक्काबुक्की करून पुढे येतातच. आणि त्यांनी केलेल्या खेळाची एक प्रत तरी कपाटात जपून ठेवा. जुने खेळ जगभर झपाट्याने नाहीसे होत आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, तेथे २०१० पूर्वी निघालेल्या दर शंभर खेळांपैकी ८७ आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. आपल्याकडच्या नकली कॅसेटींची तर नोंदही कोणी ठेवलेली नाही.

त्या नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलांनी खेळ पुन्हा लिहायला घेतला आहे, असे बाईंनी मागच्याच आठवड्यात कळवले. या खेपेस घरच्या संगणकावर. यान हलके होण्याचा हिशेब कसा करावा, असे त्यांनी विचारले होते. मी सूत्र पाठवलेले नाही. इंधन जळण्याच्या आधीचे आणि नंतरचे वजन कागदावर मांडून दर सेकंदाचा तक्ता करा, एवढेच लिहिले आहे.

तुम्हांला घरी करता येण्यासारखे एक काम सांगून थांबतो. कोणताही उडी मारण्याचा जुना खेळ घ्या. एकाने खेळावे, दुसऱ्याने मोबाइलने त्याची चित्रफीत घ्यावी. मोबाइल हातात न धरता पुस्तकांच्या आधाराने उभा करावा. मग चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत पाहा आणि चढायला किती चित्रे लागली, उतरायला किती, उंची किती ठोकळे, हे तीन आकडे लिहून घ्या. एकच उडी मोजून थांबू नका; निदान दहा उड्या मोजा आणि सरासरी काढा. आकडे संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, ते माझ्यापर्यंत पोहोचतील. पाठवताना खेळाचे नाव, ठोकळ्याची धरलेली उंची आणि चित्रफीत सेकंदाला किती चित्रांची होती ते लिहायला विसरू नका. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत सेकंदाला ५० ची होती, अमेरिका-जपानची ६० ची. तेवढ्यानेच उत्तर बदलते.